अख्खी

"घेता का?" नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि ती लगेच म्हणाली, "घेते की. रोज. न चुकता."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "रोज? कधी?"

"सकाळी उठल्या उठल्या. रिकाम्या पोटी."

"किती?"

"पूर्वी अर्धी घ्यायचे. आता अख्खी."

"अख्खी!"

"तीसुद्धा पुरत नाही म्हणतात. दीड करावी लागेल बहुतेक."

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून, रुसलेल्या मुलाला समजवावं तसं विचारलं, "पाण्यातून घेता ना निदान?"

"मग! नुसती कशी उतरणार घशाखाली?"

मागच्या खुर्चीवरून तिची नणंद आधी फिसकली आणि मग तिला हसू आवरेना. "अहो डॉक्टर, वहिनी गोळीचं सांगतेय! थायरॉइडच्या गोळीचं! आणि तुम्ही कसलं विचारताय!" मग डॉक्टरीणबाईही हसल्या, नवराही हसला, आणि तिला काय झालं ते सगळ्यांत शेवटी कळलं, त्यामुळे तीही उशिरा, एकटीच, जरा जास्तच हसली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. हसता हसता डॉक्टरीणबाईंनी, रकाना भरायचा राहू नये एवढ्याचसाठी, विचारलं, "बरं, मग ती दुसरी? ती घेता का? आधी कधी घेत होतात?" तिने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर तयार होतं, साधं होतं: संध्याकाळी एकेक पेला, आम्ही दोघं. पण तिच्या आधी नवरा बोलला. "छे छे," ते म्हणाले, "तसलं काही नाही हो आमच्यात."

आमच्यात. खोलीतला पडदा, त्याच्यावरचे धुऊन धुऊन पुसट झालेले मासे, भिंतीशी उभा असलेला वजनाचा काटा, सगळं होतं तिथेच होतं, पण तिला जिन्याची पायरी चुकल्यासारखं झालं. आमच्यात म्हणजे आमच्या घरात, आमच्या माणसांत, आमच्यासारख्या लोकांत. सरांना तेच म्हणायचं होतं. तिचा नवरा जन्मभर शाळेत गणित शिकवत होता आणि निवृत्त झाल्यावरही सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, भाजीवाल्यापासून नणंदेच्या नवऱ्यापर्यंत. तेव्हा आमच्यात हा शब्द त्यांनी फळ्यावर लिहावा तसा स्वच्छ लिहिला. पण त्या शब्दाचा दुसराही अर्थ होतो. आमच्यात, म्हणजे आम्हा दोघांच्या मधे. तिथेही तसलं काही नाही, असं ते म्हणाले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं होतं.

टॅक्सीत नणंद पुढे बसली आणि बसल्या बसल्या फोनला लागली. "ऐक ना, आमच्या वहिनीची गंमत! डॉक्टर विचारते, घेता का? तर ही म्हणते, रोज, अख्खी!" पलीकडचं हसणं फोनमधून मागच्या सीटवर ऐकू येत होतं. टॅक्सीवालासुद्धा आरशातून पाहून हसला. ती खिडकीबाहेर बघत होती. दुकानांच्या पाट्या, सायकली, फुटपाथवर वाळत घातलेली गादी. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती दारूची नव्हती. गेलं वर्षभर, म्हणजे तो दुसरा, मोठा आजार सापडल्यापासून, या माणसाला तिने एकदाही 'तू' म्हटलं नव्हतं, आणि तिला ते आत्ता, या टॅक्सीत, लक्षात येत होतं.

चारचौघांत ती त्यांना अहो म्हणायची. लग्न झालं तेव्हाच्या मुली तसंच म्हणायच्या, आणि सवय ही गोष्ट अशी की ती आधी चिकटते आणि मग कातडी होते. मुलासमोर अहो, नणंदेसमोर अहो, भांडतानासुद्धा अहो, त्यामुळे भांडणाला कधी धार यायची नाही. सरही तिला तुम्हीच म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. मग मुलगा नोकरीला दूर गेला आणि घर एकदम मोठं झालं. एका संध्याकाळी सर शाळेतून आले ते दप्तरात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन. कुणा जुन्या विद्यार्थ्याने दिलेली ब्रँडी होती. परत करता येईना आणि टाकवेना. मागच्या गच्चीत दोन खुर्च्या होत्या. पेले धड जोडीचे नव्हते. एक जॅमच्या बरणीचा झालेला होता, दुसरा लग्नातल्या संचातला शेवटचा, काठाचा टवका उडालेला. नको नको म्हणत तिने तो टवक्याचा पेला घेतला. समोरच्या इमारतीत दिवे लागत होते. दुसऱ्या घोटानंतर, का कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे, तू असा हसतोस होय?" आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने आधी कधी पाहिलं नव्हतं. जणू कुणीतरी त्याला वर्गाबाहेर बोलावलं होतं, खेळायला.

त्यानंतर ते रोजचं झालं. एकेक पेला, जास्त कधी नाही. त्याला त्यांनी नाव दिलं होतं: तास. सरांचाच शब्द. लोकांसमोर सर विचारायचे, "आज तास आहे ना?" आणि ती म्हणायची, "आहे की, सुट्टी कुठे लागलीय!" नणंदेला वाटायचं दादा अजून शिकवण्या घेतो. गच्चीचं दार लोटलं की तास भरायचा, आणि त्या दारापलीकडे ती अरे म्हणायची, तो अगं म्हणायचा. शाळेतल्या कुरापती, ऑफिसातले रुसवेफुगवे, मुलगा लहानपणी मातीत कसा लोळायचा ते, आणि एकदा त्याने सांगितलं होतं की त्याला गणित कधीच आवडलं नव्हतं, त्याला नकाशे काढायचे होते. इतकी वर्षं एका ताटात जेवून तिला हे ठाऊक नव्हतं. दार उघडून आत आलं की पुन्हा अहो. जिभेला आपोआप कळायचं.

आणि तिची जीभ म्हणजे काही साधीसुधी जीभ नव्हती. ती चहाच्या कंपनीत चव घेणारी होती. उत्तरेच्या मोठ्या खिडकीखाली लांबच लांब फळी, फळीवर पांढऱ्या वाट्यांची रांग, प्रत्येक वाटीत वेगवेगळ्या मळ्यातला चहा. चमचाभर उचलायचा, इतक्या जोरात ओढायचा की तो टाळ्यावर जाऊन फुटावा, क्षणभर थांबायचं, आणि चाकांच्या थुंकदाणीत थुंकून पुढे सरकायचं. फुर्रर्र करून ओढण्याचा तो आवाज तिचा सगळ्यांत मोठा, म्हणून ऑफिसात तिला फुर्रबाई म्हणत. घरी मात्र ती आवाज न करता चहा प्यायची, कारण सरांना तो आवाज सहन व्हायचा नाही. "माणसं ऐकतील," ते म्हणायचे. तिच्या धंद्याचा पहिला नियम: घ्यायचं, पण गिळायचं नाही. जे गिळलं त्याची चव पुढच्या वाटीला लागते. दिवसभर तोंडात घेऊन थुंकायचं काम करून ती घरी यायची, आणि गच्चीत बसून जो घोट घ्यायची तो गिळायची. दिवसातला तो एकच घोट असा की ज्याच्याबद्दल कुणाला काही सांगायचं नव्हतं, कडक की फिका, उठावदार की पोकळ. तो नुसता आत जायचा, आणि तिथेच राहायचा.

आजार सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ऑफिसातून आली तेव्हा मोरीतला नळ सुरू होता. नळाच्या आवाजामागे दुसरा आवाज होता, ग्लुक ग्लुक असा, बाटलीच्या गळ्यातून येतो तो. ती बाहेरच्या खोलीत चपला काढत उभी राहिली. नळ बंद झाला. मोरीतून ब्रँडीचा वास घरभर पसरला होता आणि त्यात हात पुसत सर बाहेर आले आणि म्हणाले, "तुमच्यासाठी संत्र्याचा रस काढून ठेवलाय." तुमच्यासाठी. बोलायचं असतं तर गच्चीत जावं लागलं असतं, आणि गच्चीचं दार बंद होतं, खुर्च्या एकावर एक रचलेल्या.

मग माणसं यायला लागली आणि प्रत्येकाच्या पोटात एकच प्रश्न होता. कशानं झालं? कुणी तोंडावर विचारलं, कुणी आडून, कुणी स्वतःच उत्तर घेऊन आलं. मूल उशिरा झालं म्हणून झालं असेल. नाही, प्लॅस्टिकच्या डब्यांनी होतं. काळजीनं होतं, पण ही तर काळजी करत नाही, मग काळजी न करण्यानं झालं असेल. नणंदेचं म्हणणं, तोंडात घेतलेलं अन्न जन्मभर थुंकायचं म्हणजे कधीतरी ते उलटणारच. तिला हसू यायचं आणि त्या हसण्याच्या तळाशी राग असायचा. घराला आग लागली तर लोक आधी पाणी आणतात. हिच्या घराला आग लागली तर लोक काडेपेटी शोधत होते. आणि सगळ्यांत जास्त काडेपेटी शोधत होते ते सर, पण ते बोलत नव्हते. ते वर्तमानपत्रातलं वाचायचे, चष्मा काढायचे, पुसायचे, पुन्हा तेच वाचायचे. एकदा तिने पान उलटून पाहिलं. स्त्रियांनी मद्य घेणं आणि स्तनाचा कर्करोग, अर्धा रकाना, खाली दाढीच्या साबणाची जाहिरात. म्हणजे हे असं आहे, तिला वाटलं. म्हणजे यांनी मला दोषी ठरवून टाकलंय, आणि सभ्यपणानं, तोंडाने न उच्चारता, रस पाजतायत.

ऑपरेशन झालं, डावी बाजू गेली. मग औषधं सुरू झाली आणि केसांबरोबर चव गेली. केसांचं तिला काही वाटलं नाही. चव गेली तेव्हा ती रडली. सगळ्याला एकच चव, तोंडात नाणं धरावं तशी. पाण्याला नाणं, भाकरीला नाणं, झोपेतसुद्धा नाणं. ऑफिसचे थोरले साहेब भले माणूस, त्यांनी जागा ठेवली, पण फळीशी उभं न करता मागच्या टेबलाशी बसवलं, चिठ्ठ्या चिकटवायला. तिथे बसून ती दुसऱ्यांची फुर्रफुर्र ऐकायची. आंघोळीनंतर आरशासमोर ती मुद्दाम उभी राहायची. पहिल्यांदा बघवलं नाही, मग बघितलं, मग बघतच राहिली. एकीकडे उतार, एकीकडे सपाट, मधून शिवण गेलेली, सरांनी पट्टी धरून आखल्यासारखी, पण शेवटी हात हलला असावा अशी. आतल्या कपड्यांच्या दुकानातली मुलगी म्हणाली होती, आत घालायला मऊ गादी मिळते, कुणाला कळत नाही, अगदी पूर्ण दिसतं. तिने विचारलं, "आणि आत्ता मी किती दिसते? पाऊण?" मुलगी ओशाळली. बिचारीचा काय दोष. तिने ती गादी घेतली नाही, पण सैल कोट घेतला, गुडघ्यापर्यंतचा, आणि तो ती घरातही घालायला लागली, कारण ती समोरून आली की सर खिडकीकडे बघायचे. परकी माणसं बघत, मुलं तर टक लावून बघत, त्याचं काही नव्हतं. सर खिडकीकडे बघत.

त्या "छे छे" नंतरच्या आठवड्यात ती ऑफिसातून निघाली ती घरी न जाता दवाखान्यात गेली. एकटी. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, ओठ दाबून हसू आवरलं. "काय, दीड झाली का?"

"तुमच्या कागदावर एक चुकीचं लिहिलंय," ती म्हणाली. "माझे मिस्टर छे म्हणाले. छे नाही. मी घ्यायचे. ब्रँडी. रोज संध्याकाळी एक पेला, कितीतरी वर्षं. आजार कळल्यापासून घेतलेली नाही. मला दोन गोष्टी विचारायच्यात आणि दोन्हींची उत्तरं मला गोड करून नकोत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "विचारा."

"त्यानं झालं का?"

"मला माहीत नाही. दारूनं या आजाराचा धोका वाढतो, थोड्या दारूनंही थोडा वाढतो, हे खरं आहे. ते मी लपवणार नाही. पण हे हजारो बायकांचा हिशेब मांडल्यावर कळतं. एका बाईकडे बोट दाखवून, हिला यानंच झालं, असं सांगता येत नाही. जन्मात थेंब न घेतलेल्या बायका माझ्याकडे रोज येतात."

"आणि आता घेतली तर?"

"तिथे आमच्यातच भांडण आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निदान झाल्यानंतर थोडी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, यांच्या जगण्यात बऱ्याच अभ्यासांत फरक दिसत नाही. काही अभ्यासांत आजार उलटण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं, पाळी गेलेल्या बायकांत विशेष. तुम्ही त्यात येता. माझं मत विचाराल तर जितकी कमी तितकं बरं, आणि अजिबात नाही हे सगळ्यांत बरं. पण मत आणि खात्री एक नव्हे."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"पुरतं माहीत नाही."

ती उठली आणि तिला आश्चर्य वाटलं की तिला हलकं वाटत होतं. वर्षभरात तिला भेटलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. माहीत नाही म्हणणारं हे पहिलं माणूस. दवाखान्याबाहेर कोपऱ्यावरच्या टपरीत उभं राहून तिने चहा घेतला, नेहमीप्रमाणे नाण्याची तयारी ठेवून, आणि जिभेच्या कडेला, अगदी कडेला, काहीतरी कडवट सरकलं. नाणं नव्हतं ते. चहा होता, वाईट चहा, दोनदा उकळलेला, साखरेनं दडपलेला. ती त्या टपरीवाल्याकडे बघून अशी हसली की त्याने विचारलं, "आणखी देऊ?" हे तिने घरी सांगितलं नाही. सांगायला जागाच नव्हती. अशा गोष्टी तासात सांगायच्या असतात.

रविवारी नणंदेकडे जेवण होतं. तपासण्या नीट आल्या त्याबद्दल. नणंद मनाने वाईट नव्हती. ऑपरेशनच्या वेळी रात्रंदिवस बाकावर बसली होती ती, पण तिला गप्प बसता येत नव्हतं. टेबलाशी चौघंच: ती, सर, नणंद आणि नणंदेचा नवरा. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून ते सगळ्या बोलण्याला मान डोलवायचे आणि मधेच विचारायचे, काय म्हणाली? पहिलं वाढून होतं न होतं तोच नणंदेने गंमत काढली. सगळी पहिल्यापासून, आवाज काढून. "आणि मग डॉक्टर म्हणे, पाण्यातून घेता ना निदान? तर आमची वहिनी, मग! नुसती कशी उतरणार!"

"काय उतरणार?" नणंदेच्या नवऱ्याने विचारलं.

"दारू!" नणंद ओरडली. सगळे हसले. तीही हसली असती, दहाव्यांदा ऐकलेल्या गमतीला हसावं तसं. पण सर हसले ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि हसता हसता म्हणाले, "बिचारी डॉक्टरीण! तिला काय माहीत, आमच्या घरात बाटली म्हणाल तर फक्त रॉकेलची."

तिने चमचा खाली ठेवला. तिला वाटलं, गच्ची पुसली जातेय. मोरीत बाटली गेली तशी आता गच्ची जातेय, दोन्ही खुर्च्या, टवक्याचा पेला, नकाशे, तिथला तो, सगळं नळ सोडून धुऊन टाकतायत हे. आजारानं एक बाजू नेली ती नेली. हीसुद्धा जाऊ द्यायची? ही तर कुणी न मागताच चाललीय.

"होती," ती म्हणाली.

"काय होती?"

"बाटली. ब्रँडीची. रोज संध्याकाळी एकेक पेला आम्ही दोघं घ्यायचो, मागच्या गच्चीत. वन्सं, तुम्ही विचारायचात ना, दादा अजून शिकवण्या घेतो का? त्या ह्या शिकवण्या."

"काहीतरीच तुमचं," सर घाईघाईने म्हणाले. "गंमत करतायत त्या."

"गंमत नाही. अरे, तूच सांग ना. ओतायचास तर तूच."

टेबलावर अशी शांतता पसरली की नणंदेच्या नवऱ्यालासुद्धा ती ऐकू आली आणि त्यांनी वर पाहिलं. नणंदेचा हात भांड्यावर होता तसाच राहिला. "वहिनी!" ती म्हणाली. "दादाला अरे?"

आता मात्र तिला खरंच हसू फुटलं. बाटली चालली, पेला चालला, घशात अडकलं ते अरे! पण नणंद सावरली आणि सावरल्यावर तिच्या चेहऱ्यावर हळूहळू दुसरंच काही चढू लागलं, आणि ते काय आहे हे शब्दांत येण्याआधीच तिला कळलं, कारण वर्षभर ते तिने सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं. "म्हणजे मग," नणंद दबकत म्हणाली, "म्हणूनच तर नसेल ना झालं?"

तिच्याकडे उत्तर होतं, चांगलं धारदार, पण या खेपेलाही सरच आधी बोलले. ताटाकडे बघत, शाळेतल्या मुलाने कबूल करावं तशा आवाजात. "मीच दिलं," ते म्हणाले. "ती नको म्हणत होती पहिल्यांदा. मीच आणली बाटली. मीच ओतायचो रोज. मीच दिलं तिला."

दिलं. ती ऐकत राहिली. चहा तोंडात घेतल्यावर आधी एक चव येते आणि मग, क्षणभर थांबलं तर, तिच्या मागून खरी येते. पेला दिला असं ते म्हणत नव्हते. वर्षभर चष्मा पुसत, रस काढत, खिडकीकडे बघत हा माणूस तिला दोषी ठरवत नव्हताच. त्याने स्वतःला पकडलं होतं. ती समोरून आली की त्याला ती सपाट बाजू दिसत होती आणि तिथे त्याला स्वतःचा हात दिसत होता, बाटली धरलेला. डॉक्टरसमोर छे म्हणाला तो, कारण हो म्हटलं असतं तर पुढचं ऐकावं लागलं असतं. तिला त्याची दया आली, आणि दयेच्या पाठोपाठ, तिच्यापेक्षा मोठा, राग आला. म्हणजे हेही तुझंच का? माझ्या अंगात उगवलेलं, माझ्या अंगातून कापलेलं, तेही तूच दिलेलं?

"काय दिलंस रे?" ती म्हणाली. आवाज मोठाच होता. नणंदेच्या नवऱ्याला पहिल्या झटक्यात ऐकू गेला. "पेला दिलास. तो मी माझ्या हातानं घेतला, आणि मला आवडला. हे तू दिलं नाहीस. मी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारून आलेय. त्यांनाही माहीत नाही कशानं झालं. त्यांनी इतकी वर्षं शिक्षण घेतलं, त्यांना कळलं नाही, आणि तू साबणाच्या जाहिरातीवरचं वाचून शोध लावलास? दारू वाईट तर वाईट. घ्यायची की नाही ते मी बघेन. पण माझा आजार माझा आहे. त्याचं श्रेय मी तुला देणार नाही. वन्सं, तुम्हालाही नाही, आणि त्या प्लॅस्टिकच्या डब्यालाही नाही."

सर ताटावर वाकले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. नणंद काही बोलायला गेली आणि, बहुधा जन्मात पहिल्यांदा, बोलली नाही. नुसतं पाण्याचं भांडं भावाच्या जवळ सरकवलं.

"ब्रँडी आहे म्हणता?" नणंदेचा नवरा आशेने म्हणाला. "असली तर थोडी मला चालेल."

परतताना सर कोपऱ्यावरच उतरले. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. ती घरी आली, गच्चीचं दार ढकललं. ते फुगलं होतं, खांदा लावावा लागला. खुर्च्या खाली उतरवल्या, धूळ पुसली, बसली. ऊन समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेलं होतं. खाली रस्त्यावर तिला सर येताना दिसले. हातात बाटली होती. पिशवी नाही, वर्तमानपत्र नाही, नुसती बाटली, गळ्याला धरलेली, जशी माणसं दूध नेतात. भाजीवाला म्हणाला, "नमस्कार सर," आणि सरांनी बाटलीचाच हात वर करून नमस्कार केला. भाजीवाला पाठमोऱ्या सरांकडे बघत राहिला. ती वरून बघत राहिली.

पेले त्यांनी टाकले नव्हते. कपाटावर बुटांच्या खोक्यात, कागदात गुंडाळून ठेवले होते. दार लोटून तो आला, दोन्ही पेले कठड्यावर ठेवले आणि उभा राहिला. मग तिच्याकडे बघत, खिडकीकडे किंवा रस्त्याकडे नाही, म्हणाला, "कोट काढ की. उकडत नाही का तुला?"

तिने कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीला लावला. आत साधा सुती सदरा होता, आणि वारा होता, आणि सदरा एका बाजूने वाऱ्याने सरळ छातीला चिकटला. तो बघत होता. बघताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, पण त्याने मान वळवली नाही.

"किती ओतू?" त्याने विचारलं. हे तो कधी विचारत नसे.

"आण इकडे." बाटली तिने घेतली. टवक्याच्या पेल्यात आडवं बोट धरून बोटाएवढी ओतली, बरणीच्या पेल्यात तेवढीच. मग पेला उचलला आणि, जे घरात इतक्या वर्षांत तिने कधी केलं नव्हतं ते केलं. फुर्रर्र करून ओढला, ऑफिसातल्यासारखा, टाळ्यावर फोडला. समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली आणि कुणीतरी डोकावलं. "माणसं ऐकतायत," तो म्हणाला, पण हसत म्हणाला. ती थांबली होती. आधी झोंबलं. मग नाणं येईल म्हणून ती वाट बघत राहिली. नाणं आलं नाही. जळक्या साखरेसारखं काही आलं, मग लाकूड, मग फार मागून, वाळलेल्या जर्दाळूच्या सालीसारखं आंबटगोड, आणि ते टिकून राहिलं. ब्रँडी हलकीच होती, पोकळ होती, पण काय पोकळ आहे ते तिला नेमकं सांगता येत होतं. सोमवारी ती फळीशी उभी राहणार होती. साहेबांना विचारणारही नव्हती.

तो तिच्या तोंडाकडे बघत होता. "थुंकायचंय?"

तिने मान हलवली आणि गिळलं. मग पेल्यात उरलेली कुंडीत ओतली आणि पेला कठड्यावर पालथा घातला.

"बास?"

"बास. आणि उद्या नाही. परवाही नाही. पुन्हा कधी वाटलं तर मी सांगेन, आणि मीच ओतीन. माप माझं." तिने पाय कठड्याला लावले. "तास मात्र पाहिजे. पाण्यावर, चहावर, कशावरही."

"रोज?"

"रोज. न चुकता."

तो खुर्चीत बसला. त्याचा पेला त्याच्या हातात तसाच होता. समोरच्या खिडकीतलं माणूस अजून बघत होतं. त्याने त्या माणसाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तोंड अगदी गंभीर करून, डॉक्टरीणबाईंच्या आवाजात विचारलं, "अर्धा?"

"अख्खा," ती म्हणाली.